‘दिसत तर काही नाही’ : डोक्याच्या इजेनंतर बोर्डाने ० टक्के दिले, पुढे काय करायचं? (नागपूर)

संत्राबर्डी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. समुपदेशन केंद्रावर आलेल्या एका कुटुंबासाठी विचारून राहिले. धीर द्यायला आम्ही आहोत, इथे नेमकी माहिती पाहिजे.

पुरुष, वय ३४. गांधीबागेत घाऊक कापडाच्या दुकानात बिलिंग आणि हिशेब. पगार २४,०००, त्यातले १४,००० बँकेत, बाकी रोख. ४ महिन्यांपूर्वी दुचाकीला कारने धडक दिली. दवाखान्यात आणलं तेव्हा जीसीएस (शुद्धीचा गुणांक, १५ पैकी) ९, मेंदूच्या डाव्या फ्रंटल म्हणजे कपाळामागच्या भागात कंट्यूजन (मुका मार, रक्त साकळणं), ऑपरेशन नाही, ११ दिवस भरती. फिट एकदाही नाही. लेव्हेटिरासिटाम ५०० (फिट येऊ नये म्हणूनची गोळी) सकाळ-संध्याकाळ अजून सुरू. नवीन सीटीत कंट्यूजन विरघळलेलं आहे. मोका चाचणीत (स्मृती आणि लक्षाची छोटी चाचणी) ३० पैकी २७.

चालतो, बोलतो, ओळख ठेवतो. पण बिल करता करता कोणी हाक मारली की कुठे होतो ते विसरतो. आकडे उलटे पडतात, ४,८६० चे ४,६८० होतात. दुपारी ३ नंतर डोकं चालतच नाही. सांगितल्याशिवाय आंघोळीलाही उठत नाही, म्हणून घरचे आळशी म्हणून राहिले. आणि राग. आधी शांत माणूस होता.

दिव्यांग प्रमाणपत्राला अर्ज केला, वैद्यकीय बोर्डाने हातपाय तपासले, ० टक्के अपंगत्व.

१) बोर्डाचं काय करायचं? २) कामावर परत कधी आणि कसं? ३) शेठजींना किती सांगायचं? ४) अपघाताचा दावा आत्ता लावायचा की ‘आधी पूर्ण बरा होऊ दे’ हे घरच्यांचं ऐकायचं?

---

कागदपत्र_काका

चौथा प्रश्न आधी घेतो, कारण मुदत तिथे संपत आली आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून ६ महिन्यांच्या आत भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात दाखल व्हायला हवा. ही मुदत १९९४ साली काढून टाकली होती आणि १ एप्रिल २०२२ पासून ती परत आली. त्यामुळे ‘अपघाताच्या दाव्याला मुदत नसते’ असं ठामपणे सांगणारे जुने जाणकार अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका. तुमचे २ महिने उरलेत.

घरच्यांना हे समजावा की दावा लावला म्हणजे माणूस बरा होणार नाही असं कबूल केलं, असं होत नाही. अर्ज आज द्यायचा, अपंगत्वाचा पुरावा नंतर साक्षीच्या टप्प्यावर येतो. तोवर तो बराच सुधारला तर आनंदच आहे. प्रमाणपत्र हातात नाही म्हणून अर्ज अडत नाही.

पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि कलम १६६(४) प्रमाणे तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. कागदावर सोय चांगली आहे. पण अहवाल गेला का, हे ठाण्यात लेखी विचारा आणि त्यावर पोच घ्या. गेला नसेल तर स्वतंत्र अर्ज. राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही दावा चालतो, म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं जिल्हा न्यायालय.

कागद : एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, धडक देणाऱ्या गाडीची आरसी आणि विमा पॉलिसी, याचा स्वतःचा परवाना, एमएलसी (दवाखान्यातली पोलीस-केसची नोंद), सगळी बिलं. आणि फक्त डिस्चार्ज कार्डावर थांबू नका, भरती असतानाची पूर्ण केस पेपर्सची प्रत मागा. जीसीएस ९ कधी नोंदला, शुद्ध कधी आली, ‘गोंधळलेला आहे’, ‘वेळ-जागा सांगत नाही’ अशा नर्सिंगच्या नोंदी किती दिवस होत्या, हे फक्त तिथेच सापडतं. डिस्चार्ज कार्डावर सहसा ‘प्रकृती स्थिर’ एवढंच असतं. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे लेखी मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि डॉक्टरने ते किमान ३ वर्षं ठेवायचे असतात. पुढच्या वर्षी बघू म्हणाल तर उशीर होतो.

आता पैशांचं गणित, कारण ० टक्क्यांची भीती इथूनच येते. समजा २४,००० पगार मान्य झाला. वर्षाचे २,८८,०००. ठरावीक पगारावरचा, वय ४० च्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की ४,०३,२००. वय ३१ ते ३५ ला गुणक १६. झाले ६४,५१,२००. यातला किती हिस्सा मिळायचा ते *कमाईची क्षमता किती गेली* यावर ठरतं. २० टक्के धरली तर १२,९०,२४०, ५० टक्के धरली तर ३२,२५,६००. उपचार, वेदना वगैरे वेगळं.

हे टक्के आणि बोर्डाचे टक्के एकच नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय; वकिलाला ‘राजकुमार निकाल’ एवढं म्हटलं की कळतं. शरीराचं अपंगत्व किती, याने आधी काय काम केलं, आता काय करू शकतो, या पायऱ्यांनी न्यायाधिकरणाने स्वतः ठरवायचं असतं. हमालाचा हात आणि हिशेबनीसाचं लक्ष, दोन्हींची किंमत त्या त्या धंद्यात मोजायची. फक्त तपासणाऱ्या डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं, नुसता दाखला जोडून भागत नाही.

रोखीचा पगार हा तुमचा खरा कच्चा दुवा. १४,००० चा बँकेचा पुरावा आहे, उरलेल्या १०,००० ला शेठजींचं पत्र आणि त्यांची साक्ष लागेल. म्हणून शेठजींशी भांडण नको. तो माणूस मालकही आहे आणि साक्षीदारही.

शेवटचं : लोकअदालतीत ‘घ्या आत्ता, मिटवून टाकू’ असा प्रस्ताव लवकर येऊ शकतो. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. लक्ष आणि स्मृती मोजणाऱ्या चाचण्यांचा अहवाल हातात येण्याआधी सही नाही.

---

मनोमापन

बोर्डाने ० का दिलं ते आधी समजून घ्या. राग बोर्डावर काढण्यात अर्थ नाही, चूक बहुधा अर्जात आहे.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरताना अपंगत्वाचा प्रकार निवडावा लागतो. अपघात म्हटलं की सायबर कॅफेवाला ‘अस्थिव्यंग’ निवडतो. अर्ज अस्थिरोगाच्या टेबलावर जातो, ते सांधे आणि स्नायूंची ताकद मोजतात, दोन्ही उत्तम. मग ० टक्के. त्यांनी जे मोजलं ते बरोबरच मोजलं.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, ‘मेंदूची इजा’ असा वेगळा प्रकार त्यात नाही. इजेने जे गेलं त्या दाराने आत जायचं असतं. एक बाजू लुळी पडली तर अस्थिव्यंग. वाचा गेली तर ‘वाक् व भाषा दोष’. कायद्याच्या व्याख्येत अफेजियाचं (मेंदूच्या इजेने भाषा जाण्याचं) नावच आहे. लक्ष, स्मृती, स्वभाव आणि पुढाकार गेला, जसं इथे, तर मनोविकाराचं दार. हा शब्द ऐकून घरचे बिचकतील. त्यांना सांगा, हा रकान्याचा प्रश्न आहे, ‘वेडा’ असा शिक्का नाही. निदान मनोविकारतज्ज्ञाने लिहायचं, आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक यादीच्या भाषेत ‘सेंद्रिय’ (मेंदूतल्या बिघाडाने झालेल्या) गटात, म्हणजे एफ०६ किंवा एफ०७ खाली, डोक्याच्या इजेचा स्पष्ट उल्लेख करून. मोजमाप आयडियाज या मापनपट्टीने होतं : स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि आकलन, काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण.

या चार रकान्यांची उत्तरं बोर्डापुढे तोंडी देऊ नका. १० मिनिटांत तो माणूस ‘सगळं ठीक आहे’ म्हणून मोकळा होईल. तो खोटं बोलत नसतो. फ्रंटल इजेत स्वतःची उणीव स्वतःला जाणवणंच कमी होतं. एक पानाचा तक्ता न्या : उठवल्याशिवाय उठत नाही, आठवड्यातून किती दिवस, पैसे मोजण्यात किती चुका, कोणाशी काय बिनसलं. तारखांसह.

मोका २७ ने दिशाभूल होते. ती शांत खोलीत, समोरासमोर, एका वेळी एकच गोष्ट विचारणारी १० मिनिटांची चाळणी आहे. गांधीबागेतल्या काउंटरवर एका वेळी चार गोष्टी चालतात. तुम्हाला सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी हवी, म्हणजे लक्ष, स्मृती, विचाराचा वेग वेगवेगळे मोजणारी. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा संच इथे वापरतात. रेफरन्स चिठ्ठीवर नुसतं ‘आयक्यू’ लिहून आणू नका. अशा माणसाचा आयक्यू पुष्कळदा शाबूत येतो आणि तो कागद नंतर तुमच्याच विरोधात वापरला जातो. मागायचं ते असं : सतत लक्ष आणि विभागलेलं लक्ष, कलर ट्रेल्स आणि स्ट्रूप (या चाचण्यांची नावं), शब्दसूची शिकणं आणि विलंबाने आठवणं, शब्दप्रवाह, कामाचा वेग. एकूण तीन-चार तास, दोन बैठकांत. एक बैठक मुद्दाम दुपारी ठेवा, सकाळ-दुपार फरक अहवालात येऊ द्या. चाचणी करणाऱ्याची भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का ते बघा. नसेल तर अहवाल बोर्डापुढेही टिकत नाही, न्यायालयातही नाही.

नागपुरातल्या मेडिकल, मेयो, एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे. ज्या दिवशी मनोविकारतज्ज्ञाला दाखवाल त्या दिवशी जुना ० टक्क्यांचा कागद लपवू नका. वेगळ्या प्रकारात नव्याने तपासणी हवी आहे, एवढंच लिहा. ४ महिन्यांवर बोर्डाने ‘थोडं थांबा’ म्हटलं तर ते सहसा आडमुठेपणाने नसतं, पहिल्या ६ महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते. तात्पुरतं, मुदतीचं प्रमाणपत्रही असतं, तेही चालेल. नकार आला तर कारण लेखी मागा, कलम ५९ खाली अपील आहे.

आणि राग. फ्रंटल इजेने राग येतोच, पण लेव्हेटिरासिटामनेही चिडचिड आणि उदासी येते. ही गोळी सुरू झाल्याची तारीख आणि राग सुरू झाल्याची तारीख शेजारी लिहा. डोक्याच्या इजेनंतर फिट *येऊ नये म्हणून* दिलेली गोळी साधारण पहिल्या ७ दिवसांसाठी असते. फिट कधीच आली नसेल तर ४ महिन्यांनी ती कशासाठी चालू आहे, हे न्यूरोच्या डॉक्टरांना थेट विचारा. स्वतःहून बंद करू नका, एकदम सोडल्याने फिट येऊ शकते.

---

तर्रीपोहा

मेंदूसाठी म्हणून देतात त्या सिटिकोलीनच्या गोळ्या पण सुरू असतील बघा. महिन्याचा चांगला खर्च असतो. २०१२ साली अमेरिकेत १,२१३ जखमींवर ९० दिवस देऊन पाहिलं, दिखाऊ गोळीपेक्षा काही जास्त फायदा निघाला नाही. तो पैसा थेरपीला लावा. डॉक्टरांना विचारूनच, पण विचारा.

---

हात_आणि_काम (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं परत जमवून देणारा उपचार)

वरच्या दोघांनी नोंदींचं सांगितलं. मी एका गोष्टीवर अडणार आहे. फक्त चुकांची वही ठेवली तर ती वही तो माणूसही वाचतो. दोन आठवड्यांत त्याला वाटायला लागतं की आपण म्हणजे चुकांची यादी. आणि न्यायालयात विरुद्ध पक्षाचा वकील विचारतो, चांगले दिवस कुठे गेले? म्हणून एकच वही, पाच रकाने :

वेळ / काय काम / किती वेळ टिकलं / काय चुकलं आणि *त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं* / काय केल्याने जमलं.

१४ दिवस. तीन वेळा लिहायची : सकाळी १०, दुपारी २, संध्याकाळी ७. रात्री आठवून लिहिलेली नोंद फेकून द्या, ज्याची स्मृती दुखावली आहे त्याच्याकडून ती भरवून घेणं म्हणजे अंदाज लिहिणं. पहिले दोन रकाने त्याने स्वतः भरायचे, बाकीचे बायकोने किंवा भावाने. चौथा रकाना बोर्डाला आणि न्यायाधिकरणाला लागतो. पाचवा शेठजींना दाखवायचा आणि थेरपीला वापरायचा.

आता ‘आळशी’ या शब्दाबद्दल. सुरुवात करणं हे फ्रंटल भागाचं काम आहे. आंघोळ कशी करायची ते त्याला माहीत असतं, करावी असं वाटतंही, पण गाडीला किक बसत नाही. ‘अरे उठ की’ हे दहा वेळा म्हणण्याने काही होत नाही, उलट दहाव्या वेळी भडका उडतो. बाहेरून किक द्या : मोबाइलला ७:३० चा गजर, गजराला नाव ‘टॉवेल घे’. ‘आंघोळ कर’ नको, पहिली हालचाल लिहा. कपडे आदल्या रात्री खुर्चीवर त्याच क्रमाने. तीन आठवडे रोज तीच वेळ, तोच क्रम, मध्ये बदल नाही. मग गजराचं नाव काढून नुसता आवाज ठेवून बघा.

कामावर परतणं. इथे घाई सगळ्यात महागात पडते. पहिल्याच दिवशी पूर्णवेळ, तिसऱ्या दिवशी मोठी चूक, पाचव्या दिवशी भांडण, आणि नोकरी गेली. माणूस नालायक ठरतो आणि प्रत्यक्षात फक्त बेत चुकलेला असतो.

आधी घरी तालीम : जुन्या बिलांची २० पानं आणा, टॅलीची शैक्षणिक आवृत्ती लावा. शांत खोलीत २५ मिनिटं, मग १० मिनिटं डोळे मिटून विश्रांती. मोबाइल बघणं म्हणजे विश्रांती नव्हे, मेंदूला ते कामच असतं. २० बिलांत १ पेक्षा जास्त चूक होत नाही असं सलग ४ दिवस झालं की रेडिओ लावा. परत तेच. मग मध्येच फोन करा. या तीन पायऱ्या पार झाल्यावरच दुकान.

दुकानात पहिले २ आठवडे : आठवड्यातून ३ दिवस, एकाआड एक, रोज २ तास. गर्दी व्हायच्या आधी, आणि काउंटरवर नाही, मागच्या टेबलावर. पुढे दर २ आठवड्यांनी *एकच* गोष्ट वाढवायची : तास, किंवा दिवस, किंवा गर्दी. दोन गोष्टी एकदम वाढवल्या आणि बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळत नाही. पारख त्याच दिवशी करू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी करा. दुसऱ्या दिवशी उठणं जड गेलं किंवा चुका वाढल्या तर आधीच्या पायरीवर १ आठवडा. लग्नसराई आणि दिवाळीच्या महिन्यात काहीही वाढवायचं नाही.

बिलिंगसाठी :

– बिल अर्धवट असताना हाक आली की तोंडाने ‘एक मिनिट’ म्हणायचं, थांबलेल्या ओळीवर लाल पट्टी ठेवायची, *मग* मान वर. पट्टी जाडसर कापडाची करा, कागदाची पंख्याने उडते.
– आकडा जोडीने वाचायचा : ‘अठ्ठेचाळीस, साठ’. बोटाखाली धरून, पुटपुटत. ४,८६० चं ४,६८० होणं यात बरंच थांबतं.
– १०,००० च्या वरचं बिल दुसऱ्याने बघितल्याशिवाय प्रिंट नाही. हा नियम *सगळ्या* बिलिंगवाल्यांना लावायला सांगा, एकट्यालाच लावला की तो बोचतो.
– रोख हाताळणी सगळ्यात शेवटी. पैसे कमी पडले तर विसराळूपणा आणि चोरी यातला फरक कोणी बघत नाही.

नागपूरचा उन्हाळा वेगळा धरा. ४५ अंशांत धडधाकट माणूस मंदावतो, याचा तर दिवस १२ लाच संपतो. एप्रिल-मेमध्ये ८:३० ते ११:३० हीच कामाची वेळ ठेवता आली तर बघा, दुकान उशिरा उघडत असेल तर माल-नोंदणीचं काम सकाळी मागून घ्या. डेझर्ट कूलरची घरघर हा यांच्यासाठी मोठा शत्रू आहे. आवाज गाळण्याची ताकदच कमी झालेली असते, त्यामुळे कूलर आणि माणसाचं बोलणं एकाच उंचीचं ऐकू येतं. टेबल कूलरपासून लांब, किंवा फोमचे इअरप्लग. दुपारची झोप ३ च्या आधी आणि ३० मिनिटांच्या वर नाही, नाहीतर रात्र जाते.

दुचाकी सध्या नको. मेट्रोने अग्रसेन चौक, तिथून पायी. गाडी परत कधी, हे लक्ष आणि प्रतिक्रियेचा वेग मोजून ठरवायचं, ‘घरापासून चौकापर्यंत चालवून बघ’ असं नाही.

---

संत्राबर्डी

पाच रकाने आजच आखून देते. सायबर कॅफेचं अगदी खरं निघालं, अर्जावर अस्थिव्यंगच आहे! गोळीचं पण विचारते.

तिसरा प्रश्न राहिला जी. शेठजींना किती सांगायचं? भाऊ म्हणून राहिला, काहीच सांगू नका, हाकलून देतील. आणि दिव्यांग हक्क कायद्यात नोकरी वाचवायची तरतूद आहे ना, कलम २०(४)?

---

कागदपत्र_काका

कलम २०(४) फक्त शासकीय आस्थापनांना. सरकारी नोकर असता तर काढता आलं नसतं, पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद, तेही नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे त्याच्यासाठी काढलेलं जादा पद. गांधीबागेतल्या दुकानाला ते लागू नाही. कलम २१ चं समान संधी धोरण खासगी आस्थापनेलाही आहे, पण १० माणसांच्या दुकानात त्याचा कागद दाखवून काही हाती लागत नाही. इथे कलमापेक्षा चिठ्ठी चालते.

लपवू मात्र नका. पहिल्या मोठ्या चुकीला ‘हा असाच झालाय आता’ असा निष्कर्ष निघतो, आणि पुढे त्याच शेठजींनी साक्षीत ‘कामावर आला तेव्हा ठीक होता’ म्हटलं की दाव्याचं कंबरडं मोडतं.

---

हात_आणि_काम

सांगायचं ते तीन वाक्यांत आणि *त्याने स्वतः*. भावाने बाजूला बसायचं, गप्प. त्याच्या देखत ‘त्याला काही कळत नाही’ म्हणणारा नातेवाईक सगळी मेहनत घालवतो. घरी पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणवून घ्या, कागद हातात असला तरी चालेल. निदान, सीटी, किती दिवस बेशुद्ध, यातलं काही नको. काय जमतं, काय अडतं, काय हवं :

‘शेठजी, अपघातात डोक्याला लागलं, हिशेब मला येतो पण मध्ये कोणी बोललं की तुटतो. पहिले दोन महिने मला मागचं टेबल आणि सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस सकाळचे दोन तास द्या, तेवढ्याच तासांचे पैसे द्या. दर पंधरा दिवसांनी आपण दोघं बसून चुका मोजू, जमत नसेल तर मीच सांगेन.’

‘तेवढ्याच तासांचे पैसे’ हे वाक्य मुद्दाम आहे. मालकाची पहिली भीती तीच असते. ‘चुका मोजू’ म्हटल्याने नुसतं ‘मला वाटतं’ वर निकाल लागत नाही. हेच एका पानावर तारखेसह लिहून द्या आणि प्रतीवर शेठजींची सही घ्या. काकांना तो कागद पुढे लागेल : आधी पूर्णवेळ २४,०००, आता इतके तास, इतके रुपये.

---

मनोमापन

त्यात एक भर. नोंदी, चाचणी, साक्ष, सगळीकडे *जसं आहे तसं*. काही नातेवाईक शिकवतात, ‘बोर्डापुढे जरा जास्तच विसर.’ चाचण्यांमध्ये मुद्दाम चुका करणारा पकडायचे वेगळे भाग असतात. ज्याला खरी इजा आहे तो सोपं बरोबर आणि अवघड चूक करतो, सोंग करणारा सोपंही चुकवतो. एकदा तसा शेरा पडला की खरी इजाही संशयात जाते.

राग भडकला की काय करायचं, हे कोणी विचारलं नाही पण विचारायला हवं. शांत असताना खूण ठरवा, उदाहरणार्थ दोन बोटं वर. खूण कोणीही केली की २० मिनिटं वेगवेगळ्या खोल्या, कोणी मागे जायचं नाही, आणि नंतर त्यावर खटला चालवायचा नाही. बायकोची झोप मोडत असेल, रडू येत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक काळजी घेणाऱ्यांसाठीही आहे, मराठीत बोलता येतं.

---

मेयो_रात्रपाळी

कोणीच वासाचं विचारलं नाही! डोकं समोरून-मागून हललं की वासाच्या बारीक नसा कवटीच्या तळाशी तुटतात, आणि पेशंट ‘जेवणाला चव नाही’ एवढंच म्हणतो. घरी तपासा : डोळे मिटून, एक नाकपुडी बंद, कॉफी, वेलची, अंगाचा साबण. बाम किंवा अमोनियाने तपासू नका, त्याची झणझण वेगळ्या नसेने कळते आणि वास येतो असा भ्रम होतो.

वास गेला असेल तर घरी गॅसचा अलार्म लावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून अलार्म जमिनीपासून साधारण एक फुटावर. लोक धुराच्या अलार्मसारखा छताला लावतात, तो वाजेपर्यंत खोली भरलेली असते. रात्री रेग्युलेटर बंद, हे गजराच्या यादीत टाका. फ्रिजमधल्या डब्यांवर तारखेची चिकटपट्टी, नागपूरच्या मे महिन्यात तर नक्कीच. आणि वास गेल्याचं ईएनटीकडून लिहून घ्या, तो पण दाव्याचा भाग आहे.

डोकेदुखीची गोळी महिन्यात १५ दिवसांच्या वर जात असेल तर गोळीच डोकं दुखवायला लागते. आणि दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, उलटी, गुंगी, एका बाजूचा हात जड, यातलं काही दिसलं तर वही-बिही बाजूला, सरळ कॅज्युअल्टी. कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त काही आठवड्यांनीही डोकं वर काढतं.

---

तर्रीपोहा

खिशातलं कार्ड राहिलं. थकला की चाल डळमळते, बोलणं लांबतं, बघणाऱ्याला प्यायलेला वाटतो. पोलिसाशी, रिक्षावाल्याशी वाद तिथेच होतो.

एटीएम कार्डाएवढं, मराठी आणि हिंदी, मोठा टाइप : ‘माझ्या मेंदूला इजा झाली आहे. मी प्यालेलो नाही. हळू आणि एका वेळी एकच गोष्ट बोला. या क्रमांकावर फोन करा.’ मागे गोळीचं नाव आणि रक्तगट. पाकिटात नाही, मोबाइलच्या पारदर्शक कव्हरमध्ये ठेवायचं. गडबडीत पाकीट शोधता शोधताच माणूस अजून गोंधळतो. आणि दोन फोन नंबर टाका, एक बायकोचा, दुसरा जो दिवसा नक्की उचलतो त्याचा.